तांब्यावरचं ऑक्साइडचं पूट: कधी असतं, कधी जातं, कधी परत येतं

तांबं हवेत उघडं राहिलं की त्यावर ऑक्साइडचं पातळ पूट चढतं. त्याची जाडी दोन-तीन नॅनोमीटर असते, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. घरातल्या तांब्या-घंगाळाला त्याने काही फरक पडत नाही. पण तेच तांबं उत्प्रेरक (कॅटॅलिस्ट, म्हणजे स्वतः न संपता रासायनिक क्रिया घडवून आणणारा पदार्थ) म्हणून वापरलं, तर सगळी रासायनिक क्रिया याच दोन-तीन नॅनोमीटरवर घडते. या वेळी निवडलेली सहाही पत्रं या पुटाबद्दलची आहेत. वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी: तांब्यावर ऑक्साइड 'आहे की नाही' हा प्रश्न अर्धवट आहे. कोणत्या क्षणी, कोणत्या वायूत किंवा द्रावणात, किती तापमानाला, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नसतं.

प्रश्न (कल्याण, एम.एस्सी. विद्यार्थिनी): माझा प्रकल्प विजेच्या साहाय्याने कार्बन डायऑक्साइडपासून इथिलीन बनवण्याचा आहे. तांब्याची फॉइल मफल भट्टीत ५०० अंश सेल्सिअसला तापवून तिच्यावर ऑक्साइडचा थर आणते. मग ०.१ मोलर पोटॅशियम बायकार्बोनेटमध्ये, रिव्हर्सिबल हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या (आरएचई) तुलनेत उणे १ व्होल्टला दोन तास चालवते. नंतर घेतलेल्या एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी पृष्ठभागावरच्या अणूंची अवस्था तपासणारी पद्धत) क्युप्रस तांबं, म्हणजे ऑक्साइडमधलं तांबं, स्पष्ट दिसतं. म्हणजे ऑक्साइड टिकतो आणि तोच इथिलीन देतो, असं प्रबंधात लिहिलं तर चालेल का?

उत्तर: एवढ्या पुराव्यावर लिहू नका. तुम्हाला दिसलेलं क्युप्रस तांबं खरं आहे, पण क्रिया चालू असताना ते तिथे होतं, हे त्यातून सिद्ध होत नाही. बहुतेक वेळा ते क्रिया थांबल्यावर तयार झालेलं असतं.

आधी हिशोब पाहा. तांब्याचे ऑक्साइड दोन, कमी ऑक्सिजनचा क्युप्रस आणि जास्त ऑक्सिजनचा क्युप्रिक. क्युप्रस ऑक्साइडचं तांबं होण्याचं समतोल पोटेन्शियल आरएचईच्या तुलनेत अधिक ०.४७ व्होल्टच्या आसपास आहे; त्या रेषेखाली ऑक्साइड टिकत नाही. क्युप्रिकचं क्युप्रस होण्याचं त्याहून वर, अधिक ०.६७. तुम्ही चालवता उणे १ ला, म्हणजे त्या रेषेच्या जवळजवळ दीड व्होल्ट खाली. यावर नेहमी एक हरकत घेतली जाते, की इलेक्ट्रोडलगत सामू वाढतो आणि म्हणून ऑक्साइड तगून राहतो. सामू एका अंकाने वाढला की ही रेषा ०.०५९ व्होल्ट खाली सरकते. चार अंकांनी वाढला तरी पाव व्होल्टच्या आतच. दुसरी हरकत जास्त रास्त आहे: द्रावणाच्या रोधात जाणारा व्होल्टेज. सेलचा रोध ३० ओहम असेल आणि प्रवाह २० मिलिअँपिअर, तर ०.६ व्होल्ट द्रावणातच खर्च होतात आणि इलेक्ट्रोडला प्रत्यक्षात उणे ०.४ च मिळतात. ही दुरुस्ती तुम्ही केलेली नसेल तर जरूर करा, कारण तिच्याशिवाय इथिलीनचे आकडेही कुणाच्या आकड्यांशी ताडून पाहता येणार नाहीत. पण ऑक्साइडच्या दृष्टीने उणे ०.४ सुद्धा बरंच खाली आहे. (तुमचा संदर्भ इलेक्ट्रोड सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा, संपृक्त पोटॅशियम क्लोराइडचा असेल, तर ६.८ सामूला आरएचईचे उणे १ म्हणजे त्यावर उणे १.६ व्होल्ट. हे रूपांतर चुकलेल्या वह्या आम्ही बऱ्याच पाहिल्या आहेत.)

मग थर जायला किती वेळ लागतो? एक चौरस सेंटिमीटरवरचा एक नॅनोमीटर क्युप्रस ऑक्साइड घालवायला ०.८१ मिलीकूलंब पुरतात. भट्टीत तयार झालेला थर मात्र मायक्रोमीटरमध्ये असतो. तीन मायक्रोमीटर धरले तर २.४ कूलंब. दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिअँपिअर प्रवाह असेल आणि तो सगळा ऑक्साइडवरच खर्च झाला, तर आठ मिनिटं. सुरुवातीच्या आठ-दहा मिनिटांत गॅस क्रोमॅटोग्राफच्या (तयार झालेले वायू मोजणारं यंत्र) आकड्यांची बेरीज शंभर टक्क्यांना पोहोचत नाही ती यामुळेच. तेवढा प्रवाह इथिलीन करत नसतो, ऑक्साइड खात असतो. दोन तासांनंतर उरण्याचं कारण राहतं ते एवढंच, की जाड थराची एखादी खपली सुटून तिचा विजेचा संपर्क तुटला. अशी खपली दोन दिवसांनीही ऑक्साइडच राहील, पण इथिलीनही देणार नाही.

याची थेट तपासणी झालेली आहे. यानवेई लम आणि जोएल एजर यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात ऑक्साइडचा थर मुद्दाम १८ वस्तुमानांकाच्या जड ऑक्सिजनने बनवला आणि क्रियेनंतर तो किती उरला ते मोजलं. मूळ जड ऑक्सिजनपैकी एक टक्क्याहूनही कमी शिल्लक होता. नमुन्यावर नंतर जो ऑक्साइड दिसतो तो पाण्यातून आणि हवेतून आलेल्या साध्या ऑक्सिजनचा असतो, हे या युक्तीमुळे वेगळं ओळखता आलं.

आता तुमचा नमुना कोणत्या वाटेने गेला ते आठवा. पोटेन्शिओस्टॅट (पोटेन्शियल राखणारं यंत्र) थांबवला, त्या क्षणी तांब्याचं संरक्षण संपलं. फॉइल अजून द्रावणात लटकलेली आहे. चिमट्याने उचलली, धुण्याच्या बाटलीतल्या पाण्याची धार सोडली. त्या पाण्यात लिटरला आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला आहे. टिश्यूने टिपली, झिपच्या पिशवीत घातली आणि लोकलने दुसऱ्या संस्थेच्या एक्सपीएसपर्यंत नेली. ताज्या क्षपित झालेल्या (ऑक्सिजन गेलेल्या), खडबडीत तांब्याला यातली पहिली काही सेकंदंच पुरेशी आहेत. पुढचा प्रवास थर जाड करण्यापुरता.

एक्सपीएसचा आलेख वाचतानाही जपायला हवं. तांब्याचं २पी शिखर धातूत आणि क्युप्रस ऑक्साइडमध्ये एकाच जागी, ९३२.६ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास येतं. त्यावरून दोघांना वेगळं करताच येत नाही. त्यासाठी त्याच यंत्रावरचं दुसरं, ऑजेचं एलएमएम शिखर घ्यावं लागतं: गतिज ऊर्जेच्या मोजपट्टीवर धातूचं ९१८.६ ला आणि क्युप्रस ऑक्साइडचं ९१६.८ च्या जवळ. क्युप्रिक ऑक्साइड ९४० ते ९४५ दरम्यानच्या जोडशिखरांवरून लगेच ओळखू येतो. आणि 'वरची घाण काढावी' म्हणून आर्गॉन आयनांचा मारा केला असेल, तर त्या माऱ्याने क्युप्रिकचं क्युप्रस होतं. तो आलेख बाद समजा.

मग करायचं काय? पोटेन्शियल चालू ठेवूनच इलेक्ट्रोड आत घाला आणि चालू ठेवूनच बाहेर काढा. आत घालताना याचा दुसरा फायदा असा, की नुसत्या द्रावणात ऑक्साइड अर्धवट विरघळून नंतर वीज सुरू होताच वेड्यावाकड्या कणांनी परत बसतो, ते टळतं. शक्य असेल तर सेल ग्लोव्हबॉक्समध्ये (ऑक्सिजन जवळजवळ काढून टाकलेल्या बंद पेटीत) लावा, धुण्याचं पाणी अर्धा तास आर्गॉनचे बुडबुडे सोडून ऑक्सिजनमुक्त करा आणि नमुना बंद वाहक डब्यातून एक्सपीएसमध्ये न्या. त्याहून चांगलं म्हणजे क्रिया चालू असतानाच रामन घेणं (लेझरचा विखुरलेला प्रकाश तपासून पदार्थ ओळखणं). क्युप्रस ऑक्साइडच्या रेषा १४८, २१८ आणि ६३० च्या आसपास (प्रति सेंटिमीटर) येतात. पोटेन्शियल खाली नेत जा आणि त्या कधी विझतात ते नोंदवा. मग वीज बंद करून त्या किती सेकंदांत परत येतात तेही नोंदवा. हा दुसरा आकडा तुमच्या प्रबंधात सगळ्यात मोलाचा ठरेल. लेझर कमी ताकदीचा ठेवा, हवेत तो स्वतःच तांबं तापवून ऑक्साइड करतो.

ऑक्साइड टिकत नसेल तर तापवलेली फॉइल साध्या फॉइलपेक्षा वेगळी का वागते, असं तुम्ही विचाराल. क्युप्रस ऑक्साइडचं तांबं होताना घनफळ सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतं. थर आकसतो, सच्छिद्र होतो, लहान लहान स्फटिक आणि त्यांच्यामधल्या सीमा असंख्य होतात. गेलेल्या ऑक्साइडने मागे ठेवलेली ही ठेवण आहे. तिचं क्षेत्रफळ मोजा, प्रवाह खऱ्या क्षेत्रफळाने भागा आणि मग तुलना करा.

प्रश्न (पवई, संशोधन विद्यार्थी): प्रयोगाआधी तांब्यावरचा नैसर्गिक ऑक्साइड काढण्याची खात्रीची पद्धत कोणती? आणि जुलैच्या हवेत असं साफ केलेलं तांबं किती वेळ साफ राहतं?

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: राहतच नाही. ऑक्सिजनचं प्रमाण दशलक्षात एक असलेल्या ग्लोव्हबॉक्समध्येसुद्धा दर सेकंदाला सुमारे ७५० पूर्ण अणुथर बसतील इतके ऑक्सिजनचे रेणू पृष्ठभागावर आदळतात. त्यातला हजारात एक चिकटला तरी पहिला थर दीड सेकंदात तयार. ग्लोव्हबॉक्स थर जाड होऊ देत नाही, पण तांबं उघडं ठेवू शकत नाही. उघडं तांबं फक्त अतिनिर्वातात किंवा पुरेशा ऋण पोटेन्शियलखाली मिळतं. त्यामुळे 'साफ' याचा अर्थ 'जुना, अनिश्चित जाडीचा, पोहे-उपम्याच्या फोडणीपासून खाऱ्या वाऱ्यापर्यंत सगळं पोटात घेतलेला थर काढून त्याजागी पातळ, ओळखीचा, दरवेळी सारखाच थर' असा घ्या.

पद्धत अशी. ॲसिटोनमध्ये आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाच-पाच मिनिटं अल्ट्रासॉनिक. तेलकट बोटाचा ठसा राहिला तर पुढचं आम्ल त्या जागी पोहोचतच नाही आणि तिथे तपकिरी डाग दिसतो. त्यानंतर विद्युत-पॉलिशिंग: ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल, फॉइल धन टोकाला, समोर तिच्याहून मोठी तांब्याची किंवा टायटॅनियमची पट्टी, दोन टोकांत दीड ते दोन व्होल्ट, तीन ते पाच मिनिटं. व्होल्टेज हळूहळू वाढवताना प्रवाह एका जागी स्थिरावतो. त्या सपाट भागात राहा. त्याखाली राहिलात तर पृष्ठभाग कोरला जाऊन स्फटिकांच्या कडा उठून दिसतात. वर गेलात तर ऑक्सिजनचे बुडबुडे चिकटून प्रत्येकाखाली खड्डा पडतो. नंतर भरपूर धुवा, फॉस्फेट मागे राहिलं तर तेही उत्प्रेरकाला बाधतं.

नैसर्गिक ऑक्साइड काढायला आमची पसंती ग्लेशियल ॲसिटिक आम्लाला आहे. ३५ अंश, दहा मिनिटं. ते दोन्ही ऑक्साइड विरघळवतं आणि धातूला जवळजवळ हात लावत नाही. बाहेर काढल्यावर पाण्याने धुऊ नका, नायट्रोजनच्या झोताने सरळ वाळवा. आम्लाचा पृष्ठताण कमी असल्याने ते स्वच्छ निथळतं, आणि पाणी लावलंत तर तिथेच नवा थर सुरू होतो. या आम्लाची वाफ ४० अंशांच्या आसपास पेट घेऊ शकते, म्हणून हॉटप्लेट नको. कोमट पाण्याच्या टबात बीकर ठेवा, धुराड्याखाली.

सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल झटपट काम करतं, म्हणून बरेच जण तेच वापरतात. पण ते क्युप्रस क्लोराइडची पांढुरकी, पाण्यात न विरघळणारी पापुद्री मागे ठेवू शकतं, आणि क्लोराइड तांब्याच्या उत्प्रेरकाचं वर्तन बदलतं. नायट्रिक आम्ल तर धातूच खातं.

साफ केल्यापासून सेलमध्ये जाईपर्यंतचा वेळ घड्याळ लावून ठरवा, समजा दोन मिनिटं, आणि प्रत्येक नमुन्याला तोच ठेवा. जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते, तेव्हा ऑक्साइडच्या वर हायड्रॉक्साइडही जमतो. मे आणि जुलैच्या नमुन्यांची तुलना या शिस्तीशिवाय करू नका. आणखी एक: नमुन्याच्या बाटलीला लाल रबराचं बूच लावू नका. त्यातला गंधक हळूहळू बाहेर येतो आणि तांबं सल्फाइडने काळवंडतं. काचेचं किंवा टेफ्लॉनचं झाकण घ्या.

प्रश्न (गिरगाव): तांब्याचं पातेलं गॅसवर तापवलं की आधी नारिंगी, मग जांभळट-निळे रंग चढतात आणि शेवटी काळं होतं. हाच तो ऑक्साइड का? आणि चिंचेने का निघतो?

उत्तर: हाच. मात्र सुरुवातीचे रंग ऑक्साइडचे स्वतःचे नाहीत. थर काही दहा नॅनोमीटर जाड झाला की त्याच्या वरून आणि खालून परत येणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो, काही रंग खोडले जातात आणि उरलेले दिसतात. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंग तसेच. थर वाढेल तसा रंग बदलतो, म्हणून एकाच भट्टीत तापवलेल्या फॉइलचा रंग जागोजागी वेगळा असेल तर तिथली जाडी वेगळी आहे, हे प्रयोगशाळेतल्या मंडळींनीही नुसत्या डोळ्यांनी ओळखावं. शेवटचा काळा मात्र खरा क्युप्रिक ऑक्साइड. चिंचेतलं टार्टरिक आम्ल आणि आमसुलातलं हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल ऑक्साइड विरघळवून तांबं आपल्याशी बांधून घेतं. बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकतं त्याचं कारणही हेच, तिथे आम्ल लॅक्टिक असतं. म्हणून चिंचेने घासलेलं भांडं लगेच भरपूर पाण्याने धुवावं. बरेच दिवस न वापरता काळं पडलेलं भांडं बहुधा सल्फाइडचं असतं, ते चिंचेला सहज दाद देत नाही.

प्रश्न (तळोजा, शिफ्ट इंजिनिअर): आमच्याकडे तांबं-झिंक ऑक्साइड-ॲल्युमिना कॅटॅलिस्ट आहे. सुरू करताना रिडक्शनमध्ये (हायड्रोजनने ऑक्साइडचं तांबं करताना) कॅटॅलिस्टच्या बेडचं तापमान अचानक चढतं. बंद करून कॅटॅलिस्ट बाहेर काढताना ड्रममध्ये तो तापतो, एकदा तर धुमसला. वर पातळ ऑक्साइडचा थर देऊन 'पॅसिव्हेट' केला होता तरीही. असं का?

उत्तर: दोन्हीकडे एकच चूक होते: टक्केवारीचं उष्णतेत रूपांतर कुणी करत नाही. ते करून फलकावर लिहून ठेवा.

क्युप्रिक ऑक्साइड आणि हायड्रोजनच्या क्रियेत दर मोल हायड्रोजनमागे सुमारे ८५ किलोज्यूल उष्णता निघते. नायट्रोजनमधला एक टक्का हायड्रोजन पूर्ण वापरला गेला तर वायूचं तापमान सुमारे २८-२९ अंशांनी वाढतं. म्हणजे इनलेट १७० ला आणि हायड्रोजन दोन टक्के असेल तर गरम जागा २२७ च्या आसपास. चुकून पाच टक्के गेला तर ३१० च्या वर. तांबं १०८५ अंशांना वितळतं हे खरं, पण त्याचे काही नॅनोमीटरचे कण केव्हाच हलू लागतात. केल्व्हिनमधल्या वितळणबिंदूच्या ०.३ पटीला पृष्ठभागावरचे अणू सरकायला लागतात, आणि तांब्यासाठी ते तापमान येतं जेमतेम १३४ अंश सेल्सिअस. झिंक ऑक्साइड आणि ॲल्युमिना कणांना एकमेकांपासून दूर धरून ठेवतात म्हणून कॅटॅलिस्ट २५० ला वर्षानुवर्षं चालतो. ३०० च्या वर तो आधार अपुरा पडतो, कण जुळतात, आणि गेलेलं क्षेत्रफळ कुठल्याही उपायाने परत येत नाही.

म्हणून नायट्रोजनचं अभिसरण पूर्ण वेगाने चालू करा, बेड सगळीकडे १५०-१६० ला येऊ द्या, मग हायड्रोजन अर्ध्या टक्क्याने सुरू करा. उष्णतेची लाट बेडमधून खाली सरकताना प्रत्येक थर्मोकपलवर दिसली पाहिजे. शिखर २३० च्या आत ठेवत हळूहळू एक-दीड टक्क्यावर जा. पुरवठादाराच्या तक्त्यात याहून कमी मर्यादा असेल तर तीच पाळा. हायड्रोजन इनलेटला आणि आउटलेटला दोन्हीकडे मोजा. आउटलेटला तो इनलेटइतकाच दिसू लागला आणि सेपरेटरमध्ये पाणी जमायचं थांबलं, मगच टक्केवारी पुढे वाढवा. तापमान उसळलं तर हायड्रोजन तोडा, नायट्रोजन कधीही कमी करू नका. उष्णता वाहून नेणारा तोच आहे. घाईत दोन्ही वॉल्व्ह बंद करण्याची चूक सगळ्यात महाग पडते.

आता बाहेर काढतानाचं. ऑक्सिजनचा हिशोब वेगळा आहे आणि चौपट कडक आहे. एक टक्का ऑक्सिजन पूर्ण वापरला गेला तर १०५ ते ११५ अंशांची वाढ. ०.१ टक्क्याला साधारण ११ अंश. बेड ५० अंशांच्या खाली आणून ०.१ टक्क्याने सुरू करा, लाट पूर्ण बाहेर पडू द्या, मग ०.२, ०.५, १ असं वाढवा. प्रत्येक पायरीला आउटलेटचा ऑक्सिजन इनलेटइतका होईपर्यंत थांबा. साध्या हवेत २१ टक्के असतो, हे डोळ्यांसमोर ठेवा.

एवढं करूनही ड्रम का तापला? पॅसिव्हेशनचा थर सुमारे दोन नॅनोमीटरवर थांबतो. थांबतो कारण पातळ ऑक्साइडमधून तांब्याचे आयन ओढणारं विद्युतक्षेत्र जाडीबरोबर दुबळं होत जातं. १९४० च्या दशकाच्या अखेरीस काब्रेरा आणि मॉट यांनी मांडलेला हा सिद्धांत आहे. पण तो थांबा त्या तापमानापुरताच असतो. गरम केलं की आयनांना पुढे सरकायला बळ मिळतं आणि थर पुन्हा वाढू लागतो. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये मध्यभागाची उष्णता बाहेर पडायला वाट नाही. थोडा थर वाढला, त्याने उष्णता निघाली, त्याने तापमान वाढलं, त्याने थर आणखी वाढला. बाहेर ऊन असेल तर सुरुवात आणखी लवकर. दुसरं, दहा नॅनोमीटर व्यासाच्या कणावर दोन नॅनोमीटरचा थर बसला म्हणजे त्या कणातलं निम्म्याहून जास्त तांबं आधीच ऑक्साइड झालेलं असतं. फॉइलवर जो थर नगण्य, तोच इथे अर्धा कॅटॅलिस्ट. त्यामुळे पॅसिव्हेट केलेला कॅटॅलिस्ट परत भरला तर 'हा आधीच रिड्यूस झालेला आहे' असं समजून पूर्ण हायड्रोजन सोडू नका. रिडक्शनची सगळी पायरी पुन्हा तशीच, त्याच टक्केवारीने करावी लागते.

टाकून द्यायचा माल असेल तर छोटे धातूचे ड्रम घ्या, नायट्रोजन भरा, सावलीत एकेकटे ठेवा आणि मध्यभागी लांब थर्मामीटर खुपसून दर तासाला नोंद करा. प्लास्टिकची पोती वापरू नका. रिॲक्टरमध्ये नायट्रोजन असताना कुणीही श्वसनाच्या उपकरणाशिवाय डोकंसुद्धा आत घालू नये. दोन श्वासांत माणूस कोसळतो.

प्रश्न (डोंबिवली, रसायनशास्त्राचे प्राध्यापक): आमच्या महाविद्यालयात एक्सपीएस नाही, एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना ओळखणं) बाहेरून करून घेतो. त्यात ऑक्साइडचं शिखर दिसलं नाही म्हणजे ऑक्साइड नाही, असं विद्यार्थी लिहितात. जाडी मोजण्याचा परवडणारा मार्ग आहे का?

उत्तर: आहे, आणि तो एक्सपीएसपेक्षा जाडीच्या बाबतीत सरळ आहे. नेहमीच्या एक्सआरडीत दोन-तीन नॅनोमीटरचा थर दिसतच नाही. क्युप्रस ऑक्साइडचं ३६.४ अंशांचं शिखर दिसायला थर बराच जाड लागतो. विद्यार्थ्यांचं ते वाक्य खोडा.

स्थिर प्रवाहाने ऑक्साइड क्षपित करा आणि वेळ मोजा. ०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड, तीन इलेक्ट्रोडचा सेल, नायट्रोजन अर्धा तास. फॉइलला दर चौरस सेंटिमीटरला ५० मायक्रोअँपिअर ऋण प्रवाह द्या आणि पोटेन्शियल विरुद्ध वेळ नोंदवा. ऑक्साइड असेपर्यंत रेषा आडवी राहते, संपला की झपकन खाली पडून हायड्रोजन निघण्याच्या पातळीवर जाते. समजा २ बाय १ सेंटिमीटरची फॉइल, दोन्ही बाजू मिळून ४ चौरस सेंटिमीटर. प्रवाह ०.२ मिलिअँपिअर, आडवी रेषा ४८ सेकंद. झाले ९.६ मिलीकूलंब, दर चौरस सेंटिमीटरला २.४. क्युप्रस ऑक्साइडसाठी ०.८१ ने भागा: ३ नॅनोमीटर. क्युप्रिकसाठी भाजक १.५३. दोन्ही मिसळलेले असतील तर या द्रावणात पायऱ्या नीट सुट्या होत नाहीत. ६ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि १ मोलर लिथियम हायड्रॉक्साइडच्या मिश्रणात त्या स्पष्ट वेगळ्या दिसतात. डोळ्यांवर चष्मा आणि हातमोजे मात्र हवेतच.

घात होतो तो विरघळलेल्या ऑक्सिजनने. नायट्रोजन न सोडलेल्या स्थिर द्रावणात ऑक्सिजन एकटाच दर चौरस सेंटिमीटरला ४० मायक्रोअँपिअरच्या घरात प्रवाह खातो. तुमच्या ५० पैकी ऑक्साइडसाठी १० च उरले, तर वेळ पाचपट आणि ३ नॅनोमीटरचे १५ दिसतात. ताडून पाहायचा उपाय सोपा आहे. रेषा खाली पडल्यावर प्रवाह बंद करा, फॉइल द्रावणात मिनिटभर तशीच ठेवा आणि प्रवाह पुन्हा सुरू करा. आडवी रेषा आली नाही तर सेल स्वच्छ. आली तर ऑक्सिजन शिरतो आहे, बहुधा नायट्रोजनच्या सिलिकॉन नळीतून, कारण सिलिकॉनमधून ऑक्सिजन सहज झिरपतो. नळी आखूड करा किंवा दुसऱ्या प्लास्टिकची घ्या. एमरी कागदाने घासलेल्या फॉइलचं खरं क्षेत्रफळ मोजपट्टीच्या दीड-दोन पट असू शकतं, तेवढी जाडी जास्त भासते. सगळ्यांना एकाच नंबरच्या कागदाने, एकाच दिशेने घासायला लावा.

प्रश्न (ठाणे): सिनगॅसमधून (हायड्रोजन आणि कार्बनच्या ऑक्साइडांचं मिश्रण) मिथेनॉल बनताना तांब्यावर थोडा क्युप्रस ऑक्साइड राहतो, असं वाचलं. तो टिकवायचाच असेल तर काय करावं?

उत्तर: सुट्या थराच्या रूपात तो तिथे टिकत नाही. २२५ अंशांच्या आसपास क्युप्रस ऑक्साइड टिकवायला वाफेचं प्रमाण हायड्रोजनच्या सुमारे एक अब्ज पट लागेल. सिनगॅसमध्ये उलट हायड्रोजनच जास्त असतो. झिंक ऑक्साइडच्या कडेला चिकटलेल्या एखाद-दुसऱ्या ऑक्सिजन अणूची गोष्ट निराळी, त्याला ऑक्साइडचा थर म्हणू नये. द्रावणातल्या विजेच्या क्रियेत ऑक्साइड हवाच असेल तर पोटेन्शियल ठरावीक सेकंदांनी धन बाजूला नेऊन तो पुन्हा पुन्हा तयार करावा लागतो, आणि दर फेरीत थोडं तांबं द्रावणात जातं, ते मोजत राहावं लागतं. सूर्यप्रकाशावर पाणी फोडणाऱ्या क्युप्रस ऑक्साइडच्या इलेक्ट्रोडला २०११ मध्ये लोझानच्या संशोधकांनी ॲल्युमिनियममिश्रित झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोमीटर जाडीचे थर देऊन वाचवलं. त्या आवरणाला सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी क्षपण तिथून सुरू होऊन खाली पसरतं, म्हणून ते अणुथरामागून अणुथर अशा पद्धतीनेच चढवावं लागतं.